चार फेऱ्या, एक पाकीट आणि भाच्याचं हरीण

"सुभेदार, गोळी ती गोळी. लागली की मरतंय."

काडतुसं विकणाऱ्या माणसाच्या तोंडचं हे वाक्य अजून डोक्यातून जात नाही. दुकानाचं नाव घेत नाही, शहराचंही नाही. आमच्या सातारा जिल्ह्याबाहेरचं आहे एवढंच सांगतो. पण चार महिने आणि चार फेऱ्या त्या काउंटरपाशी घालवल्या, म्हणून हे लिहायला बसलोय.

आमचं गाव पाटण तालुक्यात, मोरणा खोऱ्यात. वर डोंगर, खाली ओढा, मधे ताली, म्हणजे मातीचे उंच बांध, घातलेली जमीन. रानडुकरं भुईमुगात शिरली की सकाळी वावर नांगरल्यासारखं दिसतं. वडिलांची .315 बोरची (बोर म्हणजे नळीच्या भोकाचं माप, इंचात) रायफल आता माझ्या नावावर आहे. तिचा परवाना, वन विभागाची डुकरासाठीची लेखी परवानगी, हे सगळं रीतसर झालं. कागद पुरे असले की होतं, त्यावर काय लिहायचं? एकच सांगतो, कारण बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारक सत्तरीचा झाला किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं, तर तो हयात असतानाच ते वारसाच्या नावावर करता येतं. म्हातारा जायची वाट बघत बसू नका.

घोडं अडलं ते काडतुसापाशी. आणि त्याची सुरुवात झाली भाच्याच्या फोननं.

धाकट्या बहिणीचा मुलगा विस्कॉन्सिनमध्ये नोकरीला आहे. तिकडं नोव्हेंबरात नऊ दिवस रायफलनं हरणाची शिकार करता येते. परवाना काढायचा, अंगात झगझगीत केशरी जाकीट घालायचं आणि रानात जायचं. आपल्याकडं 1972 च्या कायद्यापासून भेकर काय, सांबर काय, नुसता नेम धरला तरी माणूस आत जातो. त्यामुळं त्याचा प्रश्न ऐकून मला आधी हसू आलं. "मामा, मी जुनी .30-30 रायफल घेतलीय. हरणासाठी गोळी कुठली घेऊ? दुकानात भिंतभर खोकी आहेत."

मी पटकन सांगितलं, "फुल जॅकेट घे. आरपार जाते."

"मामा, शिकारीला इथं ती चालतच नाही. कायद्यानं बंदी आहे."

मी गप्प झालो. फौजेत आम्ही जन्मभर पूर्ण तांब्याच्या कवचाचीच गोळी चालवली. 1899 च्या हेगच्या जाहीरनाम्यानं लढाईत फुलणाऱ्या, म्हणजे लागल्यावर चपट्या होऊन पसरणाऱ्या गोळ्यांना मनाई केली. ती भानगड सुरू झाली कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यातून, म्हणून त्या गोळीला आजही दमदम म्हणतात. कवचाची गोळी सरळ भोक पाडून निघून जाते. माणसाच्या लढाईत त्यालाच दया म्हणतात. जनावराच्या बाबतीत मात्र तोच निर्दयपणा ठरतो, कारण भोक पडलेलं जनावर पळतं, दोन दिवस झुडपात तडफडतं आणि सापडत नाही. शिवाय आरपार गेलेली गोळी पुढं कुठं जाईल ते सांगता येत नाही. आमच्या खोऱ्यात ताल सोडली की खाली कुणाचं तरी छप्पर असतं.

तर मऊ टोकाची, म्हणजे नाकाला शिसं उघडं असलेली गोळी हवी, एवढं दोघांनाही कळलं. पण मऊ म्हणजे किती मऊ? ते गोळीच्या वेगावर ठरतं. आमच्या जुन्या एसएलआरची, म्हणजे फौजी रायफलची गोळी सेकंदाला 840 मीटरनं निघायची. माझ्या .315 चं घराणं ऑस्ट्रियन. मूळ फौजी काडतुसात 244 ग्रेनची, म्हणजे जवळजवळ 16 ग्रॅमची गोळी आणि वेग 620 मीटर. सरकारी रायफलचं काडतूस रयतेच्या हाती जाऊ नये म्हणून इंग्रजांच्या काळात हे वेगळं बोर आपल्याकडं रुजलं. भाच्याची .30-30 बाजारात आली 1895 साली. 170 ग्रेनची गोळी साधारण 670 मीटरनं जाते. दोन्ही रायफली म्हणजे दमानं चालणारे बैल. आणि वेगवान मॅग्नम (जास्त दारूच्या काडतुसाच्या) रायफलसाठी बनवलेली कडक गोळी या वेगाला फुलतच नाही. तिला फुलायला जो धक्का लागतो तो इथं मिळत नाही, मग ती कवचाच्या गोळीसारखीच वागते. नुसत्या तांब्याच्या गोळ्या त्या मानानं आणखी हट्टी. घ्यायचीच तर या बोरच्या वेगाला फुलेल अशीच बनवलेली घ्यावी.

भाच्याच्या ऑफिसातल्या मित्रानं त्याला स्वतः भरलेली काडतुसं दिली होती. महागाची गोळी, सुईसारखी टोकदार. भाचा व्हिडिओ कॉलवर कौतुकानं दाखवत होता. रायफल आडवी धरली तेव्हा मी बघितलं, नळीखाली दुसरी नळी. "राउंड, म्हणजे काडतुसं, कुठं भरतोस?" "यातच मामा, एकामागं एक." मी ओरडलोच. मागच्या राउंडचं टोक पुढच्याच्या बुडावरच्या कॅपला टेकणार, आणि गोळी उडाली की मागं धक्का बसणार! अशा नळीत चपट्या नाकाचीच गोळी भरायची, किंवा रबरासारखं लवचीक टोक असलेली, जी अशा रायफलींसाठीच निघते. त्या मित्राला मी चार शब्द मराठीतच सुनावले. भाच्यानं भाषांतर केलं नाही.

मग त्यानं रेंजवर पाण्याचे प्लास्टिकचे कॅन रांगेत लावले. मित्राची टोकदार गोळी एकेकच राउंड भरून मारली. पाच कॅन भेदून ती मागच्या मातीत गेली, कॅनना नुसती बारीक भोकं. दुकानातली साधी 170 ग्रेनची, उघड्या शिशाची, चपट्या नाकाची मारली. पहिला कॅन फाटला, दुसरा फाटला आणि गोळी चौथ्यात सापडली. हातात धरून दाखवली तेव्हा अळंबीसारखी उमललेली होती. सगळ्यात स्वस्त खोकं तेच होतं म्हणे.

त्याचा प्रश्न तीन आठवड्यांत सुटला. माझा सप्टेंबरात सुरू झाला आणि जानेवारीपर्यंत चालला.

आपल्याकडं .315 ला भिंतभर खोकी नसतात. खडकीच्या दारूगोळा कारखान्याचं राउंड, बुडावर 'केएफ', शिशाचं मऊ नाक. पसंती-नापसंतीचा सवालच नाही, असं मलाही वाटलं होतं.

पहिली फेरी सप्टेंबरात. पाटणहून एसटीनं कराड, तिथून पुढची गाडी. दुपारी दीडला पोचलो तर शटर अर्धं खाली. आतून आवाज, "जेवणाची सुट्टी." चारला उघडलं. "माल नाही. पुढच्या महिन्यात बघा." फोन नंबर मागितला तर भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बोट दाखवलं. तो नंबर कुणी उचलत नाही, हे पुढं महिनाभर रोज तपासलं. एकदा उचलला, तर पलीकडं कुणीतरी लहान मूल होतं.

दुसरी फेरी ऑक्टोबरात, दसऱ्यानंतर. त्याच दिवशी विधानसभेची आचारसंहिता लागली. काउंटरवरचा म्हणाला, आता हत्यारं ठाण्यात जमा होतील, निकालानंतर या. त्याचं चुकलं नाही. गावी पोचलो आणि पुढच्या आठवड्यात माझी रायफल पावती घेऊन ठाण्यात जमा झालीच. पण मी तीन दिवस आधी फोन करत होतो, तेव्हा कुणी उचलला असता तर? (जाता जाता, जमा करताना पावतीवर रायफलीचा नंबर स्वतः वाचून बघा. माझ्या पावतीवर एक आकडा चुकला होता, तो तिथल्या तिथं दुरुस्त करून घेतला.)

डुकरांना आचारसंहिता नसते. भुईमूग त्यांनीच काढला.

23 नोव्हेंबरला इकडं मतमोजणी आणि तिकडं भाच्याचा पहिला दिवस. टीव्हीवर आकडे फिरत होते आणि मोबाइलवर त्याचा निरोप आला. ऐंशी मीटरवरून एक गोळी, खांद्याच्या मागं. हरीण पन्नास पावलं गेलं आणि बसलं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू, थोडा जळलोही.

तिसरी फेरी डिसेंबरात. या फेरीसाठीच खरं तर हे सगळं लिहितोय.

माल होता. काउंटरवरच्यानं परवाना घेतला, रजिस्टर काढलं, पाकीट पुढं सरकवलं आणि लिहायला लागला. मी पाकीट उघडून एक राउंड ट्यूबलाइटखाली धरला. जिथं काडतुसाच्या पितळी पुंगळीच्या तोंडातून गोळीचं नाक बाहेर आलेलं असतं तिथं हिरवा थर, कळकलेल्या भांड्यासारखा. दुसरा काढला, तोच प्रकार. तिसऱ्याची गोळी बोटांत धरून फिरवली तर पुंगळीतल्या पुंगळीत फिरली. पाकिटाचा पुठ्ठा खालून फुगलेला. कारखान्याचा यात काही दोष नाही, हा माल कुठल्या तरी ओल्या कोपऱ्यात पावसाळे काढून आला होता.

"दुसरं पाकीट दाखवा."

"सगळं सारखंच आहे. सरकारी माल."

"लॉट नंबर बघू द्या. कुठल्या खेपेचा माल आहे ते कळेल."

"लॉट कशाला? लग्न जमवायचंय का?"

मागं उभी असलेली दोन पोरं हसली. मी शांतपणे सांगितलं की ओल लागलेला राउंड कधी फुटत नाही आणि कधी उशिरा फुटतो. वडिलांच्या जुन्या साठ्यातला एक राउंड रेंजवर माझ्याच हातात 'टक' करून गप्प बसला होता. अशा वेळी नळी समोरच ठेवून अर्धा मिनिट थांबायचं आणि मगच बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा खटका, उघडायचा, ही रंगरुटाला पहिल्या आठवड्यात शिकवलेली गोष्ट. तेव्हा त्यानं ते सुरुवातीचं वाक्य ऐकवलं. गोळी ती गोळी.

मग माझाही पारा चढला. एक राउंड घेतला आणि त्याच्यासमोर शिशाच्या टोकावर अंगठ्याचं नख ओढलं. रेघ उठली. तेच नख खाली तांब्याच्या कवचावर ओढलं, काही नाही. म्हटलं, "हे मऊ आहे म्हणून काम करतं. आणि मऊ आहे म्हणून तुमच्या त्या ट्रंकेत आपटून बघा किती चेपलंय." खरंच दोन टोकं एका बाजूला चपटी झाली होती. त्यानं शांतपणे पेन ठेवलं, परवाना परत दिला आणि म्हणाला, "घ्यायचं नसेल तर गर्दी करू नका."

दुकानात एकूण चार माणसं होती.

परत येताना एसटीत ठरवलं होतं, पुन्हा इथं पाऊल ठेवायचं नाही. पण .315 ची काडतुसं किराणा दुकानात मिळत नाहीत. दरम्यान वन विभागाच्या परवानगीची मुदत संपली आणि पुन्हा अर्ज करावा लागला. म्हणून सांगतो, काडतुसं हातात आल्याशिवाय डुकराच्या परवानगीचा अर्ज करू नका. मी उलटं केलं.

चौथ्या फेरीला मी सकाळी दहाला दारात. काउंटरवर दुसराच माणूस, पांढऱ्या मिशांचा, बहुतेक मालक. मी आधीचं काही बोललो नाही. परवाना दिला, म्हटलं नवा लॉट द्या आणि राउंड बघूनच घेईन. त्यानं न बोलता तीन पाकिटं पुढं ठेवली. एकेक राउंड काढून बघितला. पितळ पिवळंधमक, टोकं गोल, एकही गोळी हलत नव्हती. एकच लॉट निवडला, कारण लॉट बदलला की नेमही थोडा सरकतो. परवान्यावरच्या नोंदीतला आकडा दोनदा वाचला. वर्षाला किती आणि एका वेळी किती राउंड, हे परवान्यावर लिहिलेलं असतं, आणि घरी हिशेब जुळला नाही तर उत्तर तुम्हालाच द्यायचं असतं. सगळं मिळून वीस मिनिटं. म्हणजे हे पहिल्याच दिवशी होण्यासारखं होतं!

निघताना म्हातारा म्हणाला, "फौजेत होता का?" मी होय म्हटलं. "तरीच. बाकी कुणी नाकाकडं बघत नाही."

रेंजवर जाऊन पाच राउंड मारले. शंभर मीटरवर सगळे तळहातात मावले. त्यापलीकडं या रायफलनं जनावरावर मारणार नाही, हे तिथंच ठरवलं. गोळी जड आहे, पुढं झपाट्यानं खाली येते आणि वेग उतरला की मऊ टोकही नीट फुलत नाही. भाचा म्हणतो त्याची रायफल दीडशेपर्यंत जाते. जाऊ दे.

नवी परवानगी हातात आल्यावर तिसऱ्या रात्री, पहाटे उजाडता उजाडता, उसाच्या कडेला एक नर बाहेर आला. मागं ताल होती, मातीची भिंत. साठ मीटर. एकच राउंड. जागेवरच बसला. गोळी पलीकडून निघालीच नाही.

वनरक्षक आले, पंचनामा झाला. मारलेलं डुक्कर सरकारचं असतं, खाता येत नाही, पुरावं लागतं. मी पुंगळी त्यांच्या हातात दिली आणि 'एक राउंड' अशी नोंद करून घेतली. खड्डा खणून झाला, वर रॉकेल ओतलं. बांधावर अर्धं गाव जमलं होतं. आमच्या वाडीतले एक आजोबा काठीवर रेलून खड्ड्याकडं बघत म्हणाले, "सुभेदार, एवढी निवडून गोळी घातलीस आन् मटान मातीत?"

मी रायफल खांद्याला लावली आणि घराकडं निघालो.