शनिवारची प्रार्थना, पाच महिने आणि हॉलची एक किल्ली : माझा अनुभव

सगळ्यात आधी हे सांगते, चर्चच्या ऑफिसात अर्ज दिलात की आपल्या कॉपीवर शिक्का आणि तारीख घ्याच. आपलंच चर्च, सगळे मला फ्रॉकमध्ये असल्यापासून ओळखतात, शिक्का कसला मागायचा असं मला वाटलं आणि तिथेच माती खाल्ली.

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, महिन्यातले तीन रविवार ड्युटी. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, अशा बऱ्याच जणी, कोणी नर्स, कोणी मॉलमध्ये, एक एअरपोर्टला. म्हणून ठरवलं की शनिवारी संध्याकाळी सहा ते साडेसात चर्चमागच्या छोट्या हॉलमध्ये सतरंजीवर बसायचं. प्रवचन नाही, एक वचन, एकच भजन घोळवत म्हणायचं, मग दहा मिनिटं गप्प. फ्रान्समधल्या तेझे गावात ब्रदर रॉजर १९४० साली आले आणि पुढे तिथे जो समुदाय उभा राहिला त्यांची प्रार्थना साधारण अशीच असते, दोन ओळींचं गाणं पुन्हा पुन्हा आणि मग शांतता. पण खरं सांगू, मला हे सुचलं ते लोकलमधल्या भजनी मंडळावरून. डब्यात उभं राहायला जागा नाही आणि ते टाळ घेऊन रंगलेले!

पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, लगेच हो म्हणाले. "फक्त कमिटीत घालू या," एवढंच.

ते "फक्त" जानेवारीतलं.

फेब्रुवारीच्या मीटिंगमध्ये विषयच आला नाही. ऑफिसात विचारलं तर अर्ज मिळालाच नाही म्हणे. अहो, मी तुमच्या टेबलावर काचेखाली ठेवला होता, तुमच्या समोर! दुसरा दिला. मार्चमध्ये लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपासाचा काळ, चालू, आता नवीन काही नको. मग ईस्टर. एप्रिलच्या शेवटी एकदाचा विषय निघाला, मला बाहेर बाकावर बसवलं, पाऊण तासाने आत बोलावलं तेव्हा सेक्रेटरींच्या हातात मी जोडलेली माहिती होती.

ही दुसरी चूक. मला वाटलं इंग्लंडचं उदाहरण दिलं की वजन पडेल. चर्च ऑफ इंग्लंडने २००४ साली चर्चच्या नव्या रूपांवर अहवाल काढला, कॅफेत, शाळेत, जिथे लोक आहेत तिथे मंडळी, आणि त्याच वर्षी पोर्ट्समथजवळ मुलं आणि आईबाप मिळून चित्रं काढतात, एकत्र जेवतात, प्रार्थना करतात असं 'मेसी चर्च' सुरू झालं, वगैरे वगैरे मी हौसेने लिहिलं होतं. सेक्रेटरींनी चष्मा वर केला. "मेसी म्हणजे पसारा ना? मंडळीत पसारा घालायचाय?" सगळे हसले. मीपण हसले, काय करणार.

मग एकेक सुरू. मेणबत्त्या कशाला, आपण कॅथलिक आहोत का. टाळ कशाला, भजनी मंडळ आहे का. आणि ती तुमच्याबरोबर येणार म्हणते ती मुलगी सभासद आहे का? (माझी ट्रेनमधली मैत्रीण, हिंदू, तिला ती दहा मिनिटं गप्प बसायचं आवडतं, बाकी काही नाही.) शेवटी "हे आपल्या रीतीत बसत नाही".

इथे माझं डोकं फिरलं. म्हटलं, काका, दर रविवारी पुस्तक उघडून नारायण वामन टिळकांची भजनं आपणच म्हणतो ना? त्यांचा बाप्तिस्मा १८९५ चा, इथे मुंबईतच झालेला. १९१७ साली 'देवाचा दरबार' नावाचा समुदाय काढला त्यांनी, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा. अभंग, कीर्तन सगळं होतं. शंभर वर्षं होऊन गेली, मग रीत कुठली मोडतेय? दोन मिनिटं कोणी बोललं नाही. मला वाटलं जिंकले.

कसलं काय. खजिनदार म्हणाले, "ते ठीक आहे, पण पंख्यांचं बिल कोण भरणार?"

म्हणजे अडलं होतं ते पंख्यांवर! तेझे नाही, टिळक नाही, चार पंखे. तेव्हा तुम्ही कोणी असं काही करणार असाल तर खजिनदारांना आधी भेटा, घरी जाऊन भेटा, चहा घ्या. मी दर शनिवारचे तीनशे रुपये लिहून दिले आणि मे महिन्याच्या मीटिंगमध्ये ठराव पास झाला. अर्जात 'नवीन उपासना' असं लिहूच नका, 'शनिवारची प्रार्थना' लिहा, नवीन म्हटलं की लोक सावध होतात.

या सगळ्या काळात आम्ही थांबलो नव्हतो हां. चौघी सकाळच्या फास्टला लेडीज डब्यात ठाण्यापासून डोळे मिटून बसायचो, एक वचन मोबाइलवर आधीच वाचलेलं. घाटकोपरला मेट्रोवाल्यांची उतरायची झुंबड सुरू झाली की आमेन. तिथे कुणाची परवानगी लागली नाही, उलट एकदा मासेवाल्या मावशींनी टोपली सरकवून जागा करून दिली.

ठराव झाल्यावर किल्ली. ती खजिनदारांकडे, ते बदलापूरला. पहिल्या शनिवारी अकरा जण हॉलबाहेर पायरीवर, जूनचा पाऊस, सतरंजी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली. आम्ही पायरीवरच भजन सुरू केलं. तिसऱ्यांदा ध्रुपद घोळवत होतो तेवढ्यात वॉचमनकाका आले, म्हणाले एक किल्ली माझ्याकडेपण आहे, कोणी विचारलंच नाही. वीतभर लाकडाच्या तुकड्याला सुतळीने बांधलेली, त्यावर पेनाने 'छो. हॉल'. पाच महिने ती त्यांच्या स्टुलाखालच्या डब्यात होती.

परवानगी तीनच महिन्यांची आहे, ऑगस्टअखेर संपते. नवीन अर्ज कालच देऊन आले, दोन कॉप्या, शिक्का, तारीख, आणि घेणाऱ्याची सहीसुद्धा.