आण्णांच्या फोनवरचा ब्राउझर बदलताना

आण्णांनी तासगावातल्या दुकानातून नवा फोन घेतला आणि त्याच संध्याकाळी मला कळवलं, "दुकानातल्या पोरानं सगळं घालून दिलंय बघ. तुला काय करायला नको." त्या 'सगळ्यात' एक प्रश्नही असणार, हे मी दिवाळीला घरी गेल्यावर लक्षात आलं. आण्णांना काही आठवत नव्हतं, म्हणजे उत्तर पोरानंच देऊन टाकलेलं.

प्रश्न असा, की तुम्हाला सर्च इंजिन कोणतं हवं? नवा अँड्रॉइड फोन चालू करताना भारतात हे विचारलं जाईल, असं गूगलनं २५ जानेवारी २०२३ ला जाहीर केलं. आपखुशीनं नव्हे. भारतीय स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांना १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. प्ले स्टोअर हवं असेल तर आमची बाकीची अ‍ॅप्सही फोनमध्ये घाला, ही फोन कंपन्यांवरची अट म्हणजे वर्चस्वाचा गैरवापर, असं आयोगाचं म्हणणं. १९ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयानं त्या आदेशाला स्थगिती नाकारली आणि सहा दिवसांत घोषणा आली. एवढ्या कोर्टकचेरीनंतर मिळालेला प्रश्न, आणि दुकानात मागं गिऱ्हाइकं उभी असताना तो 'पुढे, पुढे, पुढे' करत निघून जातो.

मला मुळात ब्राउझर बदलायचा होता. आण्णा रोज बेदाण्याचे भाव बघतात आणि त्या पानांवर जाहिराती अशा उड्या मारतात की बोट भलतीकडेच पडतं. फायरफॉक्स या ब्राउझरच्या अँड्रॉइड आवृत्तीत जाहिराती अडवणारं अ‍ॅड-ऑन, म्हणजे वरून जोडायची पुरवणी, बसतं; फोनमध्ये आधीच असलेल्या क्रोमच्या मोबाइल आवृत्तीत अशी अ‍ॅड-ऑन चालत नाहीत. फोन रीसेट केला असता तर तो प्रश्न परत आला असता, पण बँकेचं अ‍ॅप, यूपीआय, व्हॉट्सअ‍ॅप सगळं पुन्हा लावायची माझी तयारी नव्हती. म्हणून हातानंच.

फायरफॉक्स घातला. सेटिंग्ज, मग अ‍ॅप्स, मग डीफॉल्ट अ‍ॅप्स, तिथं ब्राउझर बदलला. दोन मिनिटांचं काम. झालं असं वाटलं आणि होमस्क्रीनवरच्या शोधपट्टीत काहीतरी टाइप केलं, तर जुनीच वाट. ती पट्टी वेगळीच असते. ती दाबून धरून काढली आणि नवीन ब्राउझरची लावली. मग कळलं, डावीकडे सरकवल्यावर ज्या बातम्या येतात त्यांचा कारभार निराळा. माइकवर बोलून शोधायचं तर त्याची सेटिंग आणखी कुठं तरी. एका घराला चार दारं, प्रत्येकाची किल्ली वेगळी.

आणि गंमत म्हणजे फायरफॉक्स उघडून शोधलं तर समोर गूगलच! ब्राउझर बदलला म्हणजे सर्च इंजिन बदललं असं नाही. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाची बहुतांश कमाईच गूगलला डीफॉल्ट ठेवण्याच्या करारातून येते. अशा पहिल्या जागेसाठी गूगलनं एकट्या २०२१ मध्ये २६.३ अब्ज डॉलर मोजले, हे अमेरिकेतल्या खटल्यात उघड झालं. लोक सेटिंग बदलायला जात नाहीत, यावरचीच ही बोली. माझी अख्खी दुपार गेली म्हटल्यावर तो हिशेब पटला. हट्टानं मी तिथंही दुसरं सर्च इंजिन लावलं.

शेवटी जुन्या ब्राउझरचं चिन्ह काढायला गेले. काढून टाकण्याचं बटणच नाही, फक्त 'बंद करा'. आयोगाच्या आदेशात, आधीपासून घातलेली अ‍ॅप्स वापरणाऱ्याला काढू द्या, असंही होतं. पण मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणानं दंड कायम ठेवून जे चार निर्देश रद्द केले, त्यात हा गेला. सर्च इंजिन विचारायचा निर्देश मात्र टिकला. हे मी आण्णांना समजावत होते. ते बराच वेळ ऐकून म्हणाले, "म्हंजे फोन माझा, आणि ह्येचं कूळ लागलंय व्हय!" याहून नेमकं मला काही सुचलं नाही.

मी पुण्याला परतले. दहाव्या दिवशी फोन. "जाहिराती येत न्हाईत, ते ब्येस झालंय. पण सौद्याचं मराठीत टाकलं की मागच्या वर्षीचंच दाखवतंय. शोधायला जुनंच बरं हुतं."

मला जरा लागलं, पण फोन त्यांचा. मी म्हटलं, "आण्णा, आता तुम्हीच बदला. मी सांगते तसं करा." तीन ठिपके, सेटिंग्ज, मग शोध. चष्मा शोधण्यासकट वीस मिनिटं लागली.

"यादी आलीय," ते म्हणाले. "बरीच नावं हाईत की. ह्यातलं गूगल दाबू?"

"दाबा."