चोणक, एकादशी आणि कर्लीची खाडी

तुतारी एक्सप्रेसमध्ये माझ्या पीव्हीसीच्या नळकांड्याबद्दल तीन जणांनी विचारलं. एकाला आत बासरी असेल असं वाटलं, एकाला नकाशे. कणकवलीला उतरणारे एक आजोबा मात्र थेट म्हणाले, "गरवूक जातास मां?" हो म्हटल्यावर त्यांनी रॉड हातात घेऊन वाकवून बघितला, परत दिला आणि म्हणाले, "ममईसून दांडो घेवन येतास मासे मारूक? बाजारात गावतत की रे." डब्यातली माणसं हसली. मीही हसलो, कारण आधीच्या दोन फेऱ्यांचा हिशेब मांडला तर आजोबांचंच बरोबर होतं.

पहिली फेरी भाद्रपदात केली होती. बोटींची बंदी 31 जुलैला संपते, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ जातो, म्हणजे आता मासेच मासे, असा माझा डोंबिवलीत बसून काढलेला निष्कर्ष. मालवणजवळच्या देवबागला पोचलो तर कर्ली नदी सह्याद्रीचा अर्धा डोंगर घेऊन खाली येत होती. होडीवाल्या काकांनी ओंजळभर पाणी उचलून दाखवलं. "बग, चायसारख्या आसा. ह्येच्यात तुझो प्लास्टिकचो मासो कोणाक दिसतलो?" चार दिवसांत दोन शिंगाळे मिळाले. दुसरी फेरी मे महिन्यात. पाणी काचेसारखं, पण अंघोळीला काढल्यासारखं कोमट. जानेवारीत इथला समुद्र सत्तावीस अंशांच्या आसपास असतो, मेमध्ये तिशी ओलांडतो. सकाळी नऊनंतर मासा सावली आणि खोली धरून बसायचा, अकराला खारा वारा सुटायचा आणि दुपारी होडीतून रॉड टाकणं म्हणजे पतंग उडवणंच व्हायचं. वर जेलीफिश. म्हणून या वेळी काकांनाच फोन करून तारीख विचारली. त्यांनी तारीख सांगितली नाही, तिथी सांगितली. "दिवाळी सरली की अष्टमीक ये. एकादशीपर्यंत रव."

देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. काही ठिकाणी घराच्या पुढच्या दारातून लाट ऐकू येते आणि मागच्या दारात होडी बांधलेली असते. काकांचं घर तसंच. तुळशीवृंदावनाला नवा रंग चालला होता, कारण चार दिवसांनी तुळशीचं लग्न. काकींनी चहा दिला आणि नळकांड्याकडे बघून "परत हाडलंस?" एवढंच विचारलं.

भरतीची वेळ काढायचा काकांचा हिशेब कोकणात बहुतेकांना ठाऊक असतो: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी-संध्याकाळी सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. एकादशीला सव्वाआठ. माझ्या मोबाइलमधलं अ‍ॅप आणि काकांची पाऊणकी यांच्यात पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त फरक कधी पडला नाही. अष्टमीला भांगाची म्हणजे छोटी भरती, पाण्याला ओढ कमी. आमावास्या-पुनवेच्या उधाणात खाडीच्या तोंडाशी ओढ एवढी असते की हलकं आमिष तळाला टेकतच नाही. म्हणजे खरी वेळ या दोन्हींच्या मधली, एकादशीची. मग इतक्या लवकर का बोलावलं? "हात सवयीचो होवक व्हयो," काका म्हणाले. तो टोमणा होता, हे मला संध्याकाळी कळलं.

कारण त्या संध्याकाळी तिवराच्या मुळांशी होडी लावून काकांनी नुसत्या हातात तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी धरली, गरीला जितं सुंगट (कोळंबी) लावलं आणि तासाभरात तीन तांबोसे काढले. मी साडेआठ हजारांच्या रीलवरून कचकड्याचा मासा फेकत राहिलो. एकदाच जोरात हिसका बसला. तांबोशाची खोड अशी, की आमिष तोंडात आलं की तो वळून थेट आपल्या बिळाकडे सुटतो. तिथं दगडांना कालवं चिकटलेली असतात आणि त्यांची धार ब्लेडसारखी. दोन सेकंदात दोरी तुटली. सातशे रुपयांचा कचकड्याचा मासा तांबोशाच्या ओठाला लोंबकळत गेला. गरीचे उलटे काटे चेपलेले होते, एवढंच समाधान. बिनकाट्याची गरी मासा थोड्या वेळात झटकून टाकू शकतो.

अंधार पडताना तळाला एक गरी सोडली तर शिंगाळा आला आणि तो सोडवताना त्याचा पंखाचा काटा माझ्या तळव्यात घुसला. शिंगाळ्याच्या काट्याचं विष ज्यांनी अनुभवलंय त्यांना सांगायला नको. कोपरापर्यंत ठणका, हाताची मूठ होईना. काकींनी न बोलता पातेल्यात पाणी तापवलं, आपलं बोट बुडवून बघितलं आणि माझा हात आत दाबला. सोसवेल इतक्या गरम पाण्यात तासभर. हे विष उष्णतेनं निकामी होतं म्हणतात. ठणका खरोखर उतरत गेला. मधून मधून त्या पाणी बदलत होत्या आणि मालिका बघत होत्या.

नवमीला सकाळी किनाऱ्यावर रापण ओढणं चाललं होतं. दोन्ही बाजूंना पंधरा-वीस माणसं, कमरेला दोरीचा फास, पावलं वाळूत रुतवून मागं मागं जाणारी. जाळ्याच्या पोटात पेडवे आणि बांगडे चांदीसारखे उसळत होते. माझा रॉड हातात होता, पण रापण पाण्यात असताना त्या भागात गळ टाकायचा नाही, हे मला पहिल्याच फेरीत एका म्हाताऱ्यानं अत्यंत मोजक्या शब्दांत शिकवलं होतं. मीही मग दोरीला हात लावला. वाटणीत मला पाच बांगडे मिळाले. चार दिवसांतली माझी ही सगळ्यात भरवशाची कमाई.

रापणीवाल्यांच्या बोलण्यात पर्ससीन (माशांचा अख्खा थवा वेढणारं मोठं जाळं) आणि एलईडी हे दोन शब्द येतातच. 2016 मध्ये राज्यानं पर्ससीनवर निर्बंध आणले, 2017 मध्ये केंद्रानं दिव्यांच्या झोतात मासे गोळा करून पकडण्यावर बंदी घातली. कागदावर. रात्री क्षितिजावर दिव्यांची रांग दिसते की नाही, हे किनाऱ्यावर झोपणाऱ्या कुणालाही विचारावं. माझ्यासारखा हौशी माणूस या भांडणात कुठंच नाही, पण पाण्यात बांगडा-पेडवा नसेल तर त्यामागे येणारे इसवण (सुरमई) आणि कोकर हे मोठे मासेही नसतात, एवढं माझ्याही कामाचं.

दशमीला पहाटे भोगव्याच्या पुढं निवतीच्या बाजूला गेलो. मालवणात किल्ल्याच्या आसपास का नाही, असं एका मित्रानं मागं विचारलं होतं. तो पट्टा 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. तिथं पाण्यात मान घालून बघावं, गळ घालू नये. मतलई वारा सुटला होता, जमिनीकडून येणारा, गार आणि अलगद. अशा वाऱ्यात किनाऱ्यालगत पाणी तेलासारखं सपाट असतं आणि दूरवर मासा उसळला तरी दिसतो. उपरचा वारा सुरू झाला की ही मजा संपते, असं काका म्हणतात. याच महिन्यात 2009 साली फयान वादळ आलं होतं. काका त्या दिवशी आजारी म्हणून घरी होते. त्याबद्दल ते एवढंच सांगतात आणि आकाशाकडे बघतात.

खडपांपाशी पक्षी गिरक्या घेत होते. खाली पेडव्यांचा थवा दाटला होता आणि त्याला खालून कोणीतरी हाणत होतं. पॉपर टाकला. हा तोंडाला खळगा असलेला लाकडी तुकडा. हिसका दिला की पाण्यावर 'बुडुक्' आवाज करतो. तिसऱ्या हिसक्याला पाणी फुटलं. कोकर. दीड-दोन किलोचाच, पण ओढ चौपट मोठ्या माशाची. कोकर सहसा उडी मारत नाही, पोटाची आडवी ढाल करून खाली रेटत राहतो. तासाभरात तीन मिळाले, एक ठेवला. मग ऊन वर आलं, पक्षी पांगले आणि समुद्र असा झाला की इथं कधी मासा होता हे सांगूनही खरं वाटू नये. दहानंतर खाडीच्या तोंडाशी जेट-स्कीवाल्यांचा दंगा सुरू होतो, तेव्हा परतण्यावाचून काही हातात नव्हतंच. पर्यटनाबद्दल मी बोलायचं नाही, कारण मीही पर्यटकच.

एकादशी सोमवारी आली. सव्वाआठला पूर्ण भरती, त्यानंतर सुकती, म्हणजे ओहोटी. हाच तो वेळ, ज्यासाठी काकांनी थांबायला सांगितलं होतं. भरतीला खाजणात, तिवरांच्या मुळांत शिरलेली सुंगटं आणि शेवटे माशांची पिल्लं सुकतीबरोबर बारक्या व्हाळांतून (ओढ्यांतून) मोठ्या पात्रात उतरतात. व्हाळाच्या तोंडाशी, जिथं गढूळ पाणी आणि निवळ पाणी यांची रेघ दिसते, तिथं चोणक तोंड करून उभा असतो. दार अडवून बसलेल्या सावकारासारखा.

काका उपाशी होते, मी चहावर. होडी वल्ह्यानं हळू सरकवत त्यांनी नांगर आवाज न करता सोडला. "थयसर. त्या वाकड्या तिवराच्या मुळात. पाण्यार आपटू नको." पहिल्या सात फेकी वाया. आठवीला कचकड्याचा मासा मुळापासून वीतभर अंतरावर पडला. मी दोन वेटोळी गुंडाळली, थांबलो. चोणक आमिष चावत नाही, तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो. दार आपटल्यासारखा 'ठप्' आवाज येतो. तो आवाज आला.

"वडू नको! ढील दी!"

तो उसळला तेव्हा अर्धा पाण्याबाहेर आला, डोकं झटकत, कल्ले रुंद उघडे. त्या कल्ल्यांच्या झाकणाची कड वस्तऱ्यासारखी असते; दोरी तिथं घासली की खेळ खलास. मी रॉडचं टोक पाण्यात खुपसलं, म्हणजे त्याला उडी घ्यायला जोर मिळू नये. रीलचा ब्रेक, म्हणजे ड्रॅग, किरकिरत होता, शिंगाळ्यानं सुजवलेला तळवा ठणकत होता. काकांनी नांगर उचलून होडी पात्राच्या मध्यावर नेली, मुळांपासून लांब. हे त्यांनी केलं नसतं तर मासा गेलाच असता. दहा-बारा मिनिटांनी तो बाजूला लागला. पाठ हिरवट काळी, कुशी रुप्याच्या, डोळ्यात सोनेरी-तांबूस चमक. पट्टी लावली: 96 सेंटिमीटर. वजन दहा किलोच्या घरात.

इथं मला एक गोष्ट सांगायलाच हवी. रायगडात ज्याला जिताडा म्हणतात आणि परदेशात बॅरामुंडी, तोच हा चोणक. हा मासा आधी नर असतो. काही वर्षं नर म्हणून काढल्यावर त्याची मादी होते. म्हणजे एवढा मोठा चोणक बहुधा मादी, आणि पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी लाखांनी अंडी सोडणारी तीच. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला 58 सेंटिमीटरपेक्षा लहान बॅरामुंडी घरी नेता येत नाही आणि 120 पेक्षा मोठाही नाही. माझा मासा तिथं कायद्यानं नेता आला असता, हेही खरं. पण आपल्या खाडीत 96 चे किती उरलेत, ते काकांनीच मला आदल्या दिवशी सांगितलं होतं: पूर्वी मोसमात वीस बघायचे, आता दोन-तीन.

मी पक्कडीनं गरी काढली. मासा पाण्याबाहेर न घेता शेपटीपाशी धरला, दुसरा हात पोटाखाली, तोंड प्रवाहाकडे. कल्ले हळूहळू हलायला लागले. मिनिटभर तो तसाच, मांजरासारखा जड. मग शेपटीची एक थाप, माझ्या तोंडावर खारं पाणी, आणि हात रिकामे.

मागं वळून बघायची हिंमत होत नव्हती. सहाशेच्या भावानं सहा हजार रुपये मी काकांच्या डोळ्यांदेखत खाडीत सोडले होते. काकांनी बराच वेळ वल्हं हातात धरून त्या पाण्याकडे बघितलं.

"बरा केलंस," ते म्हणाले.

मला भरून आलं. मी मादीबद्दल, अंड्यांबद्दल बोलायला सुरुवात केली. त्यांनी हातानं थांबवलं.

"आज सोमवार, त्यात एकादशी. हाडलंस आसतंस तरी काकी घरात घेवक देवची नाय."

घरी साबुदाण्याची खिचडी आणि उकडलेली रताळी होती. मंगळवारी संध्याकाळी तुळशीचं लग्न लागलं. ऊस, चिंचा, आवळे, पोरांना चुरमुरे. अंगणात काका चार जणांना तो मासा सांगत होते आणि तो पंधरा किलोचा झाला होता. बुधवारी दुपारी, गाडीला निघायच्या आधी, काकींनी ताट वाढलं. भात, सोलकढी आणि रापणीच्या पेडव्यांचं तिखलं.

"चोणक सोडलंस मां?" त्या म्हणाल्या. "आता पेडवे खा. काटे बगून."