मारुती आठशेची बॅटरी: चार्जिंग नेमकं कुठे अडत होतं

कार्ब्युरेटरचं काम उरकलं, आता बॅटरीकडे वळतो. गाडी १९९७ची, बॅटरी ३५ अँपिअर-अवर क्षमतेची, पाणी घालावं लागणारी. सांगलीतल्या विश्रामबागेतून मिरजेपर्यंत अधूनमधून फेरी होते तेवढीच, त्यामुळे बॅटरी घरच्या स्मार्ट चार्जरवर चढवावी लागते. चार्जर सहा अँपिअरचा. तरी संध्याकाळी लावलेली बॅटरी दुसऱ्या दिवशी दुपार उलटली तरी भरल्याचा दिवा लागत नव्हता. ज्यांच्याकडे अशाच कमी चालणाऱ्या जुन्या गाड्या आहेत त्यांच्यासाठी हे सगळं तपशिलात लिहितोय.

आधी हिशेब. रात्रभर नुसत्या ठेवलेल्या बॅटरीवर मीटर १२.० व्होल्ट दाखवत होता, म्हणजे ती साधारण पाऊण रिकामी. २६ अँपिअर-अवर भरायचे, त्यात दहा-पंधरा टक्के वाया जाणार, म्हणजे तीसेक धरा. सहा अँपिअरने पाच तास. शेवटच्या टप्प्यात बॅटरी स्वतःच करंट कमी घेते, त्याचे तीन-चार तास वाढवा. संध्याकाळी सातला लावली तर पहाटे चारपर्यंत काम व्हायला हवं. दुपार उजाडते याचा अर्थ सहा अँपिअर बॅटरीत जातच नाहीत.

पहिला संशय मोडचा. या चार्जरला दोन अँपिअरचा बाइक मोड आणि सहाचा कार मोड आहे. वीज जाऊन आली की तो मुकाट्याने बाइक मोडवर परत येतो. आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री दहा मिनिटं लाइट जाणं नवीन नाही, आणि सकाळी बघणाऱ्याला ते कळायचा मार्ग नाही. तुमचा चार्जर काय करतो ते एकदा प्लग काढून परत लावून बघाच. पण लाइट न गेलेल्या रात्रीही वेळ तेवढाच लागला, म्हणजे माझ्याकडचं मूळ कारण हे नव्हतं.

कुपवाड रस्त्याला एक बॅटरीवाले मिस्त्री आहेत, अजून जुना ट्रान्सफॉर्मरचा, काट्याच्या अँपिअर-मीटरचा चार्जर वापरतात. त्यांना विचारलं तर म्हणाले, "दादा, दिवा कशाला बघत बसताय? आत किती जातंय ते बघा की." बरोबर आहे. स्मार्ट चार्जरवर काटा नसतो, त्यामुळे आपण दिव्यांच्या भरवशावर राहतो. मल्टिमीटर दहा अँपिअरच्या खाचेत लावून मधे जोडला. सुरुवातीला साडेपाच, आणि थोड्याच वेळात २.६. बॅटरी निम्मीही भरली नव्हती.

असं का होतं, ते एकदा नीट समजून घ्यायला हवं. चार्जर आधी ठरलेला करंट देतो आणि व्होल्टेज वर चढू देतो. ते १४.४ला पोचलं की तो तिथेच धरून ठेवतो आणि करंट उतरू देतो. पण हे १४.४ तो मोजतो स्वतःच्या टोकाला, बॅटरीच्या टर्मिनलवर नव्हे. मधल्या वायरीत किंवा चिमट्यात व्होल्टेज गळत असेल तर त्याला वाटतं बॅटरी भरत आली, आणि तो हात आखडता घेतो.

म्हणून दोन्हीकडे मोजलं. चार्जरच्या वायरीत मधे जो प्लग असतो, त्याच्या मागून प्रोब टेकवला: १४.४. बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवर: १३.७. मधल्या मधे ०.७ व्होल्ट गायब. मग मीटर मिलिव्होल्टवर घेऊन तुकड्या-तुकड्याने शोधलं. वायरीत ०.१, काळ्या चिमट्यात ०.१५, आणि लाल चिमट्यात एकट्यात ०.४५. हा चिमटा हाताला कोमट लागत होता.

लाल चिमटा उघडून पाहिला. वायर फक्त एका जबड्याला चेपून जोडलेली, दुसरा जबडा मधल्या रिव्हेटच्या आणि स्प्रिंगच्या भरवशावर. त्यात भर म्हणजे वायर नसलेला जबडाच टर्मिनलच्या स्वच्छ बाजूला टेकत होता, आणि वायरीचा जबडा पांढऱ्या-हिरव्या खपलीवर. सगळा करंट गंजलेल्या रिव्हेटमधून चालला होता. बाजारात मिळणारे बरेच चिमटे असेच असतात, वरून तांब्याचा मुलामा आणि आत पत्रा.

दुरुस्ती सोपी. दोन्ही जबडे तांब्याच्या जाड विणीच्या तुकड्याने जोडून डाग (सोल्डर) दिला, चेपलेल्या वायरीवरही डाग दिला. बॅटरीच्या खुंटांवरचे खांब (वायरींची टोकं) सोडवताना आधी निगेटिव्ह. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून खपली फेसाळून निघेपर्यंत धुतली. सेलची बुचं घट्ट बसवलेली हवीत, सोडा आत गेला तर अ‍ॅसिड मरतं. मग तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, आणि खांब आवळून झाल्यावर वरून व्हॅसलिन. त्याच संध्याकाळी परत लावलं तर करंट बराच वेळ सहाच्या आसपास टिकून राहिला, दोन्ही चिमट्यांत मिळून गळती ०.०६ व्होल्ट. सकाळी उठायच्या आत हिरवा दिवा.

आणखी एक छोटी गोष्ट. चार्जर बॉनेटवर तापत पडला की आतलं संरक्षण करंट कमी करतं. एप्रिलमध्ये सांगलीतला पत्रा म्हणजे काय ते सांगायला नको. मी तो सावलीत शहाबादी फरशीवर ठेवतो. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, म्हणून गॅरेजचं शटर उघडं, आणि चिमटे काढायच्या आधी भिंतीवरचं बटण बंद.

आता बॅटरी मुळात एवढी का उतरते, हाही प्रश्न होताच. गाडी बंद असताना ३० मिलिअँपिअर जातात, त्यातला बहुतेक भाग म्युझिक सिस्टिमचा. हा आकडा वाईट नाही, ५०च्या आत चालतो. पण दिवसाला ०.७२, महिन्याला २१ अँपिअर-अवरच्या वर! ३५च्या बॅटरीतून. फार न चालणाऱ्या गाडीचा निगेटिव्ह खांब सोडून ठेवणं किंवा कटऑफ स्विच बसवणं हे चार्जर बदलण्यापेक्षा कितीतरी शहाणपणाचं आहे असं माझं ठाम मत आहे. स्विच आणलाय, पुढच्या आठवड्यात बसवतो.

पूर्ण चार्जनंतर बॅटरी रात्रभर ठेवून हायड्रोमीटर, म्हणजे अ‍ॅसिडची घनता मोजायची काचेची नळी, लावला. पाच सेल १.२५० ते १.२५५, पॉझिटिव्हकडून तिसरा १.२२०. (बॅटरीतलं अ‍ॅसिड २७ अंशांपेक्षा गरम असेल तर दर १० अंशांना ०.००७ मिळवायचे.) सेलांत ०.०५०चा फरक पडला की बॅटरी संपली समजतात. इथे तो ०.०३५ आहे, म्हणजे संशयास्पद, पण आशा सोडावी असा नाही. त्या सेलमध्ये डिस्टिल्ड पाणी बरोबर पातळीला आहे, अ‍ॅसिड मुळीच घालणार नाही. आता दोन अँपिअरच्या मोडवर सावकाश चढवून, परत रात्रभर ठेवून तिसऱ्या सेलचा आकडा घेतो. तो १.२४०पर्यंत आला तर ही बॅटरी पावसाळा काढेल; नाही आला तर नवीन घेताना कोणत्या मापाची बसवायची ते पुढच्या नोंदीत.