मेगास्क्वर्ट बसवल्यावर आयडल जागेवर आणताना

न्यू जर्सीत माझ्याकडे १९९२ची माझदा मियाटा आहे, १.६ लिटरची, पाच गिअरची. मूळ ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) काढून मेगास्क्वर्ट, म्हणजे आपल्याला हवा तसा ट्यून करता येणारा ईसीयू, बसवला तेव्हा वरच्या आरपीएमला गाडी लगेच सुरेख पळायला लागली. अडचण सिग्नलवर यायची. ॲक्सिलरेटर सोडून क्लच दाबला की रेस (आरपीएम) घसरत ६००च्या खाली जायची. कधी सावरायची, कधी इंजिन बंद. आणि उभ्या गाडीत ९०० ते १,३०० अशी सतत वर-खाली. कंपनीची गाडी ८५०वर निवांत उभी राहते, त्यामागे किती बारीक काम असतं हे तेव्हा नीट कळलं.

आयडल म्हणजे पेडल सोडल्यावर इंजिन ज्या किमान रेसवर फिरत राहतं ती. आधी आयडलची हवा कुठून कुठून येते ते पाहिलं. थ्रॉटलची पाकळी मिटलेली असताना बाजूच्या वाटेवर मेणाची एक झडप असते. कूलंट गार असताना ती उघडी, इंजिन तापलं की मेण फुगून बंद होते. ईसीयूचा तिच्याशी काही संबंध नाही. दुसरी झडप विजेची, दोन वायरींची सोलेनॉइड, पीडब्ल्यूएमवर, म्हणजे वीज झपाट्याने चालू-बंद करून, चालणारी: ड्यूटी (वीज चालू असण्याचा टक्का) जितकी जास्त तितकी हवा जास्त. मल्टिमीटरवर तिची कॉइल साधारण १२ ओहम दाखवत होती. शिवाय थ्रॉटल बॉडीवर रबरी बुचाखाली हवेचा स्क्रू. म्हणजे वाटा तीन, आणि लॅपटॉपवरून हाताशी येते ती एकच.

वायरिंगचं थोडक्यात सांगतो. पीडब्ल्यूएम व्हॉल्व्ह चालवायला बोर्डावर दमदार ट्रान्झिस्टर हवा (मी टीआयपी १२२ लावला) आणि कॉइलला समांतर डायोड. दुसरी गोष्ट थ्रॉटल सेन्सरची. मॅन्युअल गिअरच्या १.६मध्ये तिथे नुसता स्विच असतो, पाकळी किती उघडली ते तो सांगत नाही. मी बदलता व्होल्टेज देणारा सेन्सर बसवला. पाय पेडलवरून उठला की नाही हे ईसीयूला नेमकं कळलं नाही, तर पुढचं सगळं अंदाजपंचे होतं.

आता मुद्द्याचं. आयडल बिघडलं की पहिला हात व्हॉल्व्हच्या सेटिंगकडे जातो. माझं ठाम मत आहे की व्हॉल्व्ह सगळ्यात शेवटी. मी त्याचा कनेक्टरच काढून ठेवला. इंजिन पूर्ण तापू दिलं, म्हणजे मेणाची झडप मिटली. टायमिंग (स्पार्क किती अंश आधी पडतो ते) १० अंशांवर लॉक करून टायमिंग लाईटने पुलीवर तपासलं; लॅपटॉपवरचा आकडा आणि पुलीवरची खूण जुळलीच पाहिजे. मग ईसीयूच्या तक्त्यांत आयडलच्या आसपासच्या सगळ्या कप्प्यांत टायमिंग सारखंच १४ अंश ठेवलं आणि इंधनाचे आकडे शेजारच्या कप्प्यांशी सलग केले. रेस जरा घसरली की इंजिन शेजारच्या कप्प्यात जातं, तिथे मिश्रण वेगळं असेल तर ते आणखी घसरतं किंवा उसळतं. माझ्या गाडीतला झोका मुख्यतः इथलाच होता. तक्ता सपाट झाला आणि व्हॉल्व्ह न लावताच रेस स्थिर झाली. मग हवेच्या स्क्रूने ती ८००च्या जरा खाली आणली. पाकळीच्या स्टॉप-स्क्रूला मात्र हात लावू नका.

त्यानंतरच कनेक्टर जोडला. ट्यूनरस्टुडिओ या लॅपटॉपवरच्या ट्यूनिंग सॉफ्टवेअरच्या टेस्ट मोडमध्ये ड्यूटी हळूहळू वाढवत कुठे काय रेस मिळते ते वहीत लिहिलं. एका टोकाला व्हॉल्व्ह हलतच नाही, दुसऱ्या टोकाला पुढे फरक पडत नाही. मधला उपयोगी पट्टा हीच किमान आणि कमाल मर्यादा. तापलेल्या इंजिनाला ८५०साठी ३० टक्क्यांच्या आसपास लागले, म्हणजे दोन्ही बाजूंना जागा शिल्लक.

क्लोज्ड लूप, म्हणजे ईसीयूने रेस बघून स्वतःच ड्यूटी बदलणं, चालू केल्यावर सिग्नलवरचा जुना त्रास पुन्हा दिसला आणि लॉगमध्ये कारण स्वच्छ होतं. क्लच दाबला तेव्हा रेस २,२००. ईसीयूला वाटलं, ८५०च्या किती वर आहे ही! म्हणून त्याने ड्यूटी पार तळाला नेली. रेस खाली आली तेव्हा व्हॉल्व्ह मिटलेलाच, तो उघडेपर्यंत इंजिनाने मान टाकलेली. उपाय असा: रेस लक्ष्याजवळ येऊन घसरण मंदावल्याशिवाय पीआयडी (लक्ष्यापासूनचा फरक बघून ड्यूटी ठरवणारं ईसीयूमधलं गणित) सुरूच होऊ द्यायचा नाही, आणि तोवर व्हॉल्व्ह तापमानानुसार ठरवलेल्या सुरुवातीच्या ड्यूटीवर धरून ठेवायचा. ही एक सेटिंग बसली आणि सिग्नलवर गाडी बंद पडणं थांबलं.

बारीक डगमग सावरायला मी टायमिंग वापरतो. हवा मॅनिफोल्ड भरून मग पोचते, तर स्पार्क पुढच्याच फेरीत काम करतो. रेस लक्ष्याखाली गेली की दोन-तीन अंश वाढवायचे, वर गेली की तेवढेच कमी करायचे. त्यामुळे पीआयडी अगदी मवाळ ठेवता येतो.

थंडीचं काम मात्र सकाळी एकदाच करता येतं, इंजिन एकदा तापलं की दुसऱ्या दिवसाची वाट बघायची. शून्याच्या खाली पारा असताना मी लक्ष्य १,२००च्या आसपास ठेवलं. मेणाची झडप तेव्हा आपली हवा देत असतेच, म्हणून गार इंजिनाची ड्यूटी वाटते त्यापेक्षा बरीच कमी लागते. पॉप-अप हेडलाईट वर येताना आणि रेडिएटरचा पंखा लागताना रेस क्षणभर दबते, पण सावरते. पॉवर स्टिअरिंगच्या प्रेशर स्विचची वायर एका इनपुटला जोडून त्या वेळी थोडी ड्यूटी वाढवली आहे, त्यामुळे पार्किंगमध्ये चाकं पूर्ण वळवली तरी काटा ८००च्या खाली जात नाही.