स्लाइसची कॉपी, अ‍ॅरे मात्र तोच

गो या प्रोग्रॅमिंग भाषेत फंक्शनला काहीही दिलं की त्याची कॉपी जाते, हे मुलाखतीत सगळे धडाधड सांगतात. मग मी विचारते, "आणि स्लाइस दिली तर?" इथे गाडी अडते. स्लाइस म्हणजे ओळीने ठेवलेल्या घटकांच्या एखाद्या भागाकडे बघायची खिडकी. कॉपी तिचीही होते, पण फक्त तीन गोष्टींची: आतल्या अ‍ॅरेचा पॉइंटर, लांबी आणि कपॅसिटी (किती मावेल ते). अ‍ॅरे तोच राहतो. दोन गोरूटीनकडे (गोमध्ये एकाच वेळी चालणाऱ्या हलक्या कामांकडे) दोन स्लाइस असल्या तरी लिहिणं एकाच जागी होऊ शकतं. अपेंड केल्यावर (शेवटी घटक जोडल्यावर) कपॅसिटी पुरली नाही तर नवा अ‍ॅरे, पुरली तर जुन्यातच भर. म्हणजे डेटा सामायिक आहे की नाही, हे त्या ओळीकडे बघून कळतच नाही.

मॅपचं (किल्लीवरून मूल्य शोधायच्या तक्त्याचं) त्या मानाने बरं. एकाच मॅपवर दोघं एकदम लिहिताना रनटाइमला (प्रोग्रॅम चालवणाऱ्या गोच्या यंत्रणेला) सापडले, तर तो अख्खा प्रोग्रॅम पाडतो. रिकव्हर (कोसळणारा प्रोग्रॅम सावरायची सोय) लावूनही वाचत नाही. नवी मुलं चिडतात. मला हा उद्धटपणा आवडतो, कारण मी जावातून आले आहे. जावा 7 पर्यंत हॅशमॅपचं (तिथल्या मॅपचं) रीसाइझ, म्हणजे आकार वाढवणं, दोन थ्रेडनी एकदम केलं, तर बकेटमधली (आतल्या एका कप्प्यातली) लिंक्ड लिस्ट स्वतःलाच जोडली जाऊ शकायची. मग 'गेट' (मूल्य वाचायची मेथड) परतच येत नसे. एक कोअर 100 टक्क्यांवर आणि लॉगमध्ये चकार शब्द नाही.

रस्ट या भाषेची तऱ्हाच वेगळी. 'आरसी' (एकाच डेटाचे अनेक मालक मोजणारा पॉइंटर) दुसऱ्या थ्रेडकडे पाठवायला जा, कंपायलर तिथेच अडवतो. 'आर्क', म्हणजे त्याचा थ्रेडमध्ये चालणारा भाऊ, घ्यावा लागतो. लिहायचं असेल तर बहुधा त्यात म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप), आणि डेटा त्या म्युटेक्सच्या आत. लॉक न घेता त्याला हात लावता येत नाही. गोमध्ये म्युटेक्स आणि मॅप स्ट्रक्टमध्ये शेजारी राहतात. कोण कोणाला सांभाळतं, हे फार तर कॉमेंटमध्ये लिहिलेलं. (डेडलॉकपासून, म्हणजे दोघं एकमेकांच्या लॉकची वाट बघत अडकण्यापासून, मात्र रस्टही वाचवत नाही.) स्विफ्ट भाषाही 6 पासून, 2024 साली, नव्या लँग्वेज मोडमध्ये याच वाटेला लागली.

तरी मी गो सोडणार नाही. टेस्ट रेस डिटेक्टर लावूनच चालवते; रेस म्हणजे एक जण डेटा लिहीत असताना दुसऱ्याने लॉकशिवाय त्याच डेटाला हात लावणं. वेळ 2 ते 20 पट लागू शकतो, मेमरी 5 ते 10 पट. आणि जो कोड चालला त्यातलीच रेस त्याला दिसते. गोरूटीनला स्लाइस देताना 'स्लाइसेस.क्लोन' (घटकांची वेगळी कॉपी करणारं फंक्शन) वापरते. घटकच पॉइंटर असतील तर तेही पुरत नाही, तिथे आतल्या स्ट्रक्टची कॉपी हातानेच करावी लागते.