तुम्ही विचारलंत म्हणून: दुकानातली माणसं नव्या ऑनलाइन स्टोअरवर कशी आणली

नाशिकच्या भांडी बाजारातले आणि मेन रोडचे व्यापारी सध्या भेटले की एकच विचारतात, "ताई, तुमच्या भांड्यांच्या दुकानात माणसं मोजकी. काउंटर चालू ठेवून अख्खं ऑनलाइन स्टोअर नव्या प्लॅटफॉर्मवर नेलंत कसं? माणसं वैतागली नाहीत?" 2027 चा सिंहस्थ समोर आहे. रामकुंडावर आलेला माणूस गोदावरीचं पाणी न्यायला तांब्याचा गडू घेतो आणि घरी गेल्यावर बहिणीसाठी तसाच दुसरा मोबाइलवर शोधतो. त्यामुळे विचारणाऱ्यांची घाई मला कळते. पण हे उत्तर दुकानाच्या पायरीवर उभ्या उभ्या देण्यासारखं नाही.

माझं सांगणं एवढंच आहे: सुरुवात पॅकिंगच्या टेबलापासून करा, गिऱ्हाइकाला दिसणारं पान सगळ्यात शेवटी करा. बहुतेक जण उलट करतात. आधी रंग, बॅनर, फोटो यांत महिना घालवतात आणि मग एका सोमवारी पॅकिंगवाल्याच्या हातात नवी स्क्रीन देतात. गिऱ्हाईक त्या साइटवर पाच-दहा मिनिटं असतं. पॅकिंग करणारा माणूस दिवसभर तिच्यासमोर असतो. त्याला स्क्रीन उमगली नाही की तो मुकाट्याने जुनी वही काढतो. आणि एकदा वही निघाली की स्टॉक दोन ठिकाणी लिहिला जातो, मग कुठलाच आकडा खरा राहत नाही.

म्हणून आम्ही नवं स्टोअर पासवर्डमागे बंद ठेवून आधी आतल्या आत चालवलं. घरातल्यांनी खोट्या ऑर्डर टाकायच्या आणि पॅकिंगच्या पोराने त्या खऱ्या समजून माल काढायचा, खोक्यात भरायचा, लेबल चिकटवायचं. त्यानेच सांगितलं की स्लिपवर गिऱ्हाइकाचा ईमेल त्याच्या काही कामाचा नाही, त्याला फोटो, वजन आणि खोक्याचा नंबर मोठ्या अक्षरात हवा. तसं करून दिलं. आपल्या सांगण्यावरून स्क्रीन बदलते हे दिसल्यावर तो रोज नवीन सुचवू लागला. प्रशिक्षण म्हणून वेगळं काही करावं लागलं नाही.

काउंटरवर मामा आहेत. सगळा बाजार त्यांना मामाच म्हणतो. त्यांना कीबोर्डवर बसवायचा हट्ट आम्ही धरला नाही आणि तुम्हीही धरू नका. मामा बोलायचे, मी टाइप करायचे. एकाच भांड्याला कुणी कळशी म्हणतं, कुणी घागर, कुणी गुंडी. गिऱ्हाईक काय काय मागतं ते त्यांना तोंडपाठ. ती सगळी नावं, देवनागरीत आणि रोमन अक्षरांतही, शोधासाठी मालाच्या नोंदीत घातली. लोक मोबाइलवर 'samai' टाइप करतात, तेव्हा समई सापडली पाहिजे. दुसरं म्हणजे स्टॉकवर शेवटचा शब्द मामांचा, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर ठरवलं. स्क्रीन दोन समया म्हणते आणि मामा एक म्हणतात, तर एक. मग मी जाऊन स्क्रीन दुरुस्त करते. छोट्या दुकानात असा एक माणूस ठरलेला नसेल, तर कितीही महागडं सॉफ्टवेअर घ्या, भांडण अटळ आहे.

आता भांड्यांच्या धंद्यातला खरा अवघड भाग. आमचा माल वजनावर विकला जातो. मठारलेली परात हाताने घडवलेली असते, एकाच मापाच्या दोन पराती काट्यावर सारख्या भरत नाहीत. काउंटरवर प्रश्न येत नाही, काट्यावर ठेवली, दिवसाच्या भावाने गुणली, मजुरी धरली, झालं. ऑनलाइनला मात्र किंमत आधीच लिहावी लागते. तांब्याचा भाव हलला की तीही हलते. आम्ही दोन वाटा केल्या. गडू, पंचपात्र, पळी, ताम्हण, निरांजन असा लहान माल ठरलेल्या किमतीला, त्यात वजनाचा थोडा फरक दुकानाने सोसायचा. हंडा, बंब, घंगाळ, मोठी परात हा माल नगानगाने: प्रत्येक नगाचा वेगळा फोटो, वेगळं वजन, वेगळा कोड, स्टॉक एक. काम वाढतं, हे खरं. पण चार हजारांचं घंगाळ घेणाऱ्याला त्याने पाहिलेलंच घंगाळ मिळायला हवं, यावर मी तडजोड करणार नाही.

नगानगाने विकायचा माल काउंटरवर ठेवायचाच नाही, हाही नियम. तो माळ्यावर. 2016 आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये गोदावरीचं पाणी भांडी बाजारात शिरलं होतं, तेव्हापासून आमचा माळा भक्कम केलेला आहेच. नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी किती लागलं ते ऐकून माल वर चढवायची सवय इथल्या माणसाला असते. आता ऑनलाइनचा माल कायम वरच असतो. समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला मामांनी विकलेला हंडा त्याच घटकेला पुण्यातल्या कुणीतरी मोबाइलवर घ्यायचा, हा प्रकार त्याने थांबला.

घंगाळाचं आणखी एक. बरीच कुरिअर खरं वजन आणि घनफळी वजन यांतलं जास्त असेल ते धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि सहसा 5000 ने भागायचं. 40 × 40 × 30 च्या खोक्याचं वजन 9.6 किलो धरलं जातं, आत पाच किलोचं भांडं असलं तरी. नव्या प्लॅटफॉर्मवर भांड्याच्या वजनासोबत खोक्याचं मापही भरा, नाहीतर गिऱ्हाइकाला दाखवलेलं भाडं आणि तुमच्या बिलात येणारं भाडं यांचा मेळ बसणार नाही. मोठ्या घंगाळाच्या पोटात त्याच ऑर्डरची लहान भांडी कागदात गुंडाळून बसवायची युक्ती पॅकिंगच्या पोराची. ती आता स्लिपवरच छापून येते.

कोणता प्लॅटफॉर्म, हेही सगळे विचारतात, आणि मला तो प्रश्न दुय्यम वाटतो. शॉपिफायसारखा भाड्याचा घेतला तर दरमहा पैसे जातात, पण सर्व्हर आणि अपडेटची काळजी त्यांची. वर्डप्रेसवरचं वूकॉमर्स फुकट असलं तरी होस्टिंग, बॅकअप, सुरक्षेचे अपडेट तुमच्या गळ्यात. दुकानात हे बघणारं कुणी नसेल तर भाड्याचा घ्या. घेण्याआधी इतकंच विचारा की उद्या सोडायचं ठरवलं तर माल, गिऱ्हाइकं आणि ऑर्डरी यांची यादी पूर्ण बाहेर काढता येते का.

यादी नेताना देवनागरी सांभाळा. सीएसव्ही फाइल (यादीची साधी तक्त्यासारखी फाइल) यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे देवनागरी अक्षरं टिकवणाऱ्या पद्धतीने, जपली नाही तर 'निरांजन'च्या जागी प्रश्नचिन्हं येतात, आणि एक्सेल तेरा आकडी बारकोड 8.9E+12 असा तोडून दाखवतं, ते एकदा स्वतः बघा. गिऱ्हाइकांचे पासवर्ड सहसा नव्या ठिकाणी जात नाहीत, तेव्हा त्यांना आधीच कळवा. जुन्या पानांचे पत्ते नव्या पानांकडे कायमचे वळवा, कारण व्हॉट्सअपवर लोकांनी एकमेकांना पाठवलेल्या लिंका वर्षानुवर्षं उघडल्या जातात.

मुहूर्त कुठला? आम्ही आषाढ धरला. लग्नसराई संपलेली असते, गणपती लांब असतात, धनत्रयोदशी तर त्याहून लांब. पौषही शांत वाटतो, पण संक्रांतीच्या वाणाची खरेदी त्याच्या आधीपासून सुरू होते. आणि पंचांगात अधिक महिना कुठे आहे ते बघूनच ठरवा. 2023 ला अधिक श्रावण 18 जुलैला लागला आणि 2026 चा अधिक ज्येष्ठ 17 मे ते 15 जून. जावयाच्या वाणाला दिवा, तांब्या, ताट जातं, त्या दिवसांत भांड्यांच्या दुकानाने काही बदलू नये.

हिशेबाच्या ताईंना शेवटपर्यंत बाहेर ठेवू नका. आमच्या ताईंनी पहिल्याच बैठकीत बिलांच्या क्रमांकाचं विचारलं, आणि ते कुणाच्याच डोक्यात नव्हतं. जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिलाचा क्रमांक ओळीने, 16 अक्षरांच्या आत आणि त्या आर्थिक वर्षात एकदाच यावा लागतो. मालिका मात्र एकाहून जास्त चालतात. म्हणून नव्या स्टोअरला वेगळी आद्याक्षरं देऊन नवी मालिका सुरू केली, जुनी तिथेच थांबवली. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्याचं नाव साइटवर हवं, 48 तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याच्या आत निवारण. ते नाव ताईंचं आहे, त्यांनी स्वतःहून मागून घेतलं. कुणाची परात चेपून आली तर पहिला फोन त्याच करतात आणि मला नंतर कळतं.

जुन्या प्लॅटफॉर्मचे पैसे भरायचे थांबवण्याआधी सगळी जुनी बिलं उतरवून घ्या. जीएसटीचे कागद त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने ठेवावे लागतात, आणि खातं बंद झाल्यावर ती मागायला कुणाकडे जाणार? आम्ही दोन प्रती केल्या. एक ताईंच्या कपाटात आहे, दुसरी आमच्या घरी गंगापूर रोडला, पुराच्या पाण्यापासून लांब.